शहराच्या मध्यभागी बस टर्मिनल बांधताना पार्किंग किती ठेवावं?

दिवसभर गाडी लावून ठेवणाऱ्यांसाठी जवळपास शून्य, असं माझं स्पष्ट मत आहे. एका कारला उभं राहायला साधारण 12 चौ. मी. लागतात, पण आत-बाहेर करण्याचा रस्ता धरला की 25 ते 30 होतात. म्हणजे 100 गाड्यांसाठी 2500 ते 3000 चौ. मी., तेही शहरातल्या सगळ्यात महाग जमिनीवर! तेवढ्या जागेत बसचे कितीतरी फलाट बसतात. शिवाय पार्किंग दिलं की गाड्या येतात आणि टर्मिनलच्या तोंडाशी बसच अडकते. गाडी ठेवून पुढे बसने जाण्याची सोय शहराच्या वेशीवरच्या थांब्यांवर करा.

मध्यभागी लागतं ते वेगळंच. दोन मिनिटांत माणूस सोडून निघता येईल अशी मार्गिका, रिक्षा-टॅक्सीची रांग, दिव्यांगांसाठी दाराजवळच्या राखीव जागा आणि सायकल स्टँड (एका कारच्या जागेत सहज 10 सायकली मावतात). चालक-वाहकांच्या गाड्या मात्र हमखास विसरल्या जातात. पहाटेची पहिली बस काढणारा चालक कामावर बसने कसा येणार? त्याच्यासाठी जागा ठेवाच.

आणि आधी आजूबाजूची पार्किंगं सकाळ-संध्याकाळ मोजा. बऱ्याचदा तिथेच जागा रिकामी सापडते.