म्यूट केलं की फाइट खोटी का दिसते?

प्रश्न: रात्री टीव्हीवर जुना हिंदी पिक्चर लागला होता, बाळ झोपलेलं म्हणून आवाज म्यूट केला, तर हिरोचा ठोसा व्हिलनच्या तोंडापासून वीतभर लांबून जाताना चक्क दिसायला लागला. आवाज लावला की तोच ठोसा बरोब्बर बसतो. डोळे तेच, पिक्चर तोच, मग हे होतं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मस्त निरीक्षण आहे तुमचं, आणि ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका, कारण यावर पक्के प्रयोग झालेत. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक आला होता. स्क्रीनवर दोन गोल ठिपके समोरासमोरून सरकत येतात, मधोमध एकमेकांवर येतात आणि पुढे जातात, बस एवढंच. आवाज नसेल तर बहुतेक लोकांना ते आरपार निघून गेलेले दिसतात, पण ते एकमेकांवर आले की नेमकं त्याच क्षणी ‘टक’ असं वाजवलं तर बऱ्याच जणांना तेच ठिपके धडकून मागे फिरलेले दिसतात. चित्रात काडीचाही बदल नाही हं! टक फार आधी किंवा फार उशिरा वाजलं तर मात्र ही धडक दिसत नाही. तुमच्या ठोशाचं हेच झालंय, हात नुसता जवळून गेला पण ‘ढिशूम’ अगदी वेळेवर आला, म्हणून मेंदूने ठरवलं की लागला.

मला याहून भारी वाटतो तो २००० सालचा कॅल्टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठाचा प्रयोग. तिथल्या संशोधक लादन शम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेच्या जरा कडेला एक पांढरा ठिपका क्षणभर चमकवला, फक्त एकदाच, पण सोबत दोन बीप वाजवले, तर लोकांना ठिपका दोनदा चमकलेला दिसला. आणि खरं काय ते आधी माहीत असलं तरी दोनदाच दिसतो.

कारण असं, की कधी झालं, किती वेळा झालं यात कान डोळ्यांपेक्षा खूप तरबेज आहेत आणि कुठे झालं यात डोळे, त्यामुळे मेंदू ज्याची माहिती जास्त भरवशाची त्याचं जास्त ऐकतो. जागेचा प्रश्न आला की उलटं होतं, रामदास पाध्येंचा अर्धवटराव आठवा, आवाज पाध्येंचा पण ओठ बाहुल्याचे हलतात म्हणून आपल्याला तोच बोलताना ऐकू येतो.

वेळेचं गणित किती बारीक आहे बघा. टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत दिलंय की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकायला लागतं, पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही. उशीर जास्त चालतो, आणि मला तरी ते पटतं, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो, म्हणजे मैदानावर ७० मीटरवरून मॅच बघताना बॅटचा टोला आधी दिसतो आणि २०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो, आपल्याला जन्मापासून त्याची सवय असते.

घरी करून बघायचं असेल तर मोबाइलवर एखादा व्हिडिओ एडिटर घ्या, त्याच फाइटचा आवाज अर्धा सेकंद मागे सरकवा आणि बघा, ठोसा परत हवेतच जातो का ते. बाळ जागं असताना करा मात्र.