एसएसडीवरून फाइल उडालीय? आधी लॅपटॉप बंद करा

‘शिफ्ट-डिलीट झालं, रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, फाइलची नावं दिसतात पण उघडत एकही नाही.’ तुमचं हे वाचलं आणि २०१९ चा पावसाळा आठवला. मी तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरून कागदांचा लगदा झालेला, स्कॅन तेवढे माझ्या लॅपटॉपवर. नेमकं तेच फोल्डर मी उडवलं.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला फोन केला. म्हणाला, “चालू राहू द्या, उद्या आणा.” मीही शहाण्यासारखा रात्रभर चार्जर लावून ठेवला. तिथेच घात झाला.

हार्डडिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद पुसणं; वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जागेवरच राहतो. माझ्या लॅपटॉपमध्ये होती एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह. फ्लॅश चिपमध्ये माहिती म्हणजे प्रत्येक सेलमध्ये कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. तिथे लिहिलेल्यावर परत लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ते काम वेळखाऊ, म्हणून ड्राइव्ह निवांत असताना उरकून घेतो. कुठली जागा रिकामी झाली हे विंडोज त्याला डिलीट होताच कळवतं. त्यालाच ट्रिम म्हणतात. नावांची यादी वेगळीकडे असते, म्हणून नावं दिसतात आणि आत नुसती शून्यं.

थोडक्यात, साफसफाईला मी रात्रभर वीज पुरवली! दुकानदाराने तपासणीचे १,५०० घेतले आणि ‘चिप गेली’ म्हणून सांगितलं. त्याच चिपवर मी पुढे तीन वर्षं काम केलं.

मी इंजिनिअर नाही, आणि लगेच बंद केला असता तर सगळं मिळालंच असतं असंही म्हणत नाही. ट्रिम झालेल्या जागी बरेच ड्राइव्ह ताबडतोब शून्यच दाखवतात. पण डेटा रिकव्हरीच्या लॅबवाल्याला काही शोधायला उरलं तर असतं.

पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर आशा जास्त, तिथे ट्रिम सहसा पोचत नाही. फक्त सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर सेव्ह करू नका.

जाता जाता, एसएसडी कपाटात ठेवून ‘बॅकअप आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: कोंडलेला चार्ज हळूहळू गळतो, उकाड्यात जास्तच. घरगुती एसएसडीची लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच जेडेकच्या (चिप उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था) मानकाची अपेक्षा आहे. ठाण्यातला मे महिना आणि लोखंडी कपाट, हिशेब तुम्हीच करा. मी आता बॅकअपला साधी हार्डडिस्क वापरतो.

त्या कागदांच्या नकलांसाठी एका कचेरीत सात महिने चपला झिजवल्या, ते वेगळंच रामायण. तुमचा ड्राइव्ह लॅपटॉपच्या आतला आहे की यूएसबीचा, तेवढं आधी सांगा.