कुंडीच्या मातीत परलाइटऐवजी काय वापरता येईल?

परलाइट म्हणजे तापवून फुगवलेली ज्वालामुखीची काच. त्याचं काम एवढंच की मातीत हवेला जागा ठेवायची आणि जास्तीचं पाणी खाली सोडायचं. हे काम स्वस्तात करणाऱ्या वस्तू आपल्याकडे आहेत.

माझी पहिली पसंती भाताच्या तुसाला. कोकणात किंवा मावळात असाल तर भातगिरणीवर विचारा, बरेचदा पोतंभर सहज मिळतं. कच्चं तूस कुजताना मातीतला थोडा नत्र ओढून घेतं, म्हणून सोबत शेणखत किंवा गांडूळखत हवंच. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस त्याहून चांगलं आणि टिकाऊ. पांढरी राख होईपर्यंत मात्र जाळू नका. एकूण मिश्रणात पाव भाग पुरे.

भाजक्या विटांचे तुकडेही उत्तम: वाटाण्याएवढे फोडायचे, चाळून धूळ काढून टाकायची. निवडुंग, कोरफड, अडेनियमला हेच घाला. कुंडी जड होते, त्यामुळे बाल्कनीच्या ग्रिलवर टांगणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. त्यांना लाकडी कोळशाचा चुरा बरा.

वाळू घ्यायची तर जाड, धुतलेली. बारीक वाळू उलट मातीतल्या फटी बुजवते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हा पर्याय नव्हे, ते पाणी धरून ठेवतं. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज, त्याचंही तेच. थर्माकोलचे मणी पाण्यावर तरंगून वर येतात आणि कचरा होतो तो वेगळाच.

आणि कुंडीच्या तळाशी खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही. जे घालायचं ते मातीत मिसळा.