देवाला नावे का सांगायची?

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

आपल्याकडे घरच्या प्रार्थनेत आजी एकेकाचे नाव घेऊन, आत्याच्या गुडघेदुखीपासून शेजारच्या मुलाच्या परीक्षेपर्यंत सगळे देवाला का सांगते, असे तू विचारले आहेस. तुझे म्हणणे असे की, देवाला प्रत्येक माणूस ठाऊक असेल तर त्याला नावे सांगण्याची गरज उरत नाही. आणि तुझ्या तिकडच्या चर्चमध्ये ‘सर्व आजारी लोकांसाठी’ एवढे म्हटले तरी भागते. प्रश्न रास्त आहे आणि फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या प्रश्नातला पहिला भाग खुद्द प्रभू येशूनेच मान्य केलेला आहे. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक असते, असे तो मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो, आणि त्याच्या लगेच पुढे शिष्यांना प्रार्थना करायला शिकवतो. म्हणजे देवाला माहिती पुरवणे हा प्रार्थनेचा हेतू कधीच नव्हता. आजीलाही हे पक्के ठाऊक आहे.

मग नाव कशासाठी? मला याचे उत्तर पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात सापडते. हागार ही अब्रामाची पत्नी साराय हिची मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी. तो अध्याय नीट वाचलास तर तुझ्या लक्षात येईल की अब्राम आणि साराय तिच्याविषयी बोलताना ‘माझी दासी’, ‘तुझी दासी’ असेच म्हणतात; तिचे नाव दोघांच्याही तोंडी येत नाही. छळाला कंटाळून ती गरोदरपणी पळून जाते आणि रानात शूरच्या वाटेवरील एका झऱ्यापाशी येते, तेव्हा परमेश्वराचा दूत तिला ‘हागार’ अशी हाक मारतो आणि कोठून आलीस, कोठे चाललीस, असे विचारतो. ज्याला तिचे नाव ठाऊक आहे त्याला ती कोठून आली हे ठाऊक नसेल का? तरीही तो विचारतो, कारण तिने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि कोणीतरी ते ऐकून घ्यावे, याची गरज तिला होती. त्यानंतर तीच देवाला नाव देते: तू मला पाहणारा देव आहेस. घरात जिला कोणी नावाने पुकारत नव्हते, अशी एक परक्या देशाची दासी देवाला नाव ठेवते, हे मला पवित्र शास्त्रातल्या अत्यंत धीट प्रसंगांपैकी एक वाटते.

देव आपल्याला ओळखतो याची भीतीही वाटू शकते, आणि तुझ्या वयात ती अधिक वाटते. १३९ व्या स्तोत्राच्या कर्त्यालाही ती वाटली असावी; माझे बसणे-उठणे तू जाणतोस, शब्द जिभेवर येण्याआधीच तुला कळतो, असे म्हणून तो लगेच विचारतो की तुझ्यापासून मी पळू तरी कोठे. पण शेवटी तोच देवाला विनवतो की माझे अंतःकरण तपासून पाहा. हा बदल कशामुळे होतो, हे मला प्रभूचा शिष्य पेत्र, ज्याचे मूळ नाव शिमोन, याच्याकडे पाहून कळते. अटक होण्याच्या रात्री प्रभू त्याला दोनदा नावाने हाक मारतो, ‘शिमोना, शिमोना’, आणि तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, असे सांगतो. कोंबडा आरवण्यापूर्वी हा आपल्याला तीनदा नाकारणार, हेही तो त्याच संभाषणात सांगतो. सर्व काही आधीच ठाऊक असूनही प्रभूने एका माणसासाठी प्रार्थना केली. तुझ्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्यापाशी नाही: आजी जे करते ते प्रभूने स्वतः केलेले आहे.

चिमण्यांचा दाखला तुला पाठ आहेच, पण मत्तय आणि लूक ही दोन शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाच. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या मिळतात, तर लूकात दोन दमड्यांना पाच. हिशेब केलास तर पाचवी चिमणी फुकट, वर टाकलेली. आणि त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. येथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चिमणी पडतच नाही, असे प्रभू म्हणत नाही. पित्यावाचून ती पडत नाही, असे म्हणतो. नाव घेतलेला प्रत्येक आजारी माणूस बरा होतो असे नाही, हे आजीने आपल्या आयुष्यात पुष्कळदा पाहिले आहे, आणि तरीही तिने नावे घेणे थांबवलेले नाही.

संत ऑगस्टीनने (३५४–४३०) म्हटले आहे की देव प्रत्येकाची काळजी अशी घेतो, जणू तो एकटाच आहे. आपल्याला हे जमत नाही. ‘सर्व आजारी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणीच उभे राहत नाही. नाव उच्चारले की तो माणूस, त्याचा चेहरा, त्याच्याशी आपण केलेले भांडणसुद्धा समोर येते. देव त्याला जसे एकेकटे पाहतो, तसे निदान क्षणभर आपणही पाहतो, आणि मग त्याच्याशी तुटकपणे वागणे अवघड होते. सामुदायिक उपासनेत सर्वांसाठी एकत्र मागणे योग्यच आहे; घरी मात्र नावे घ्यायला वेळ असतो.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, की मराठीतली लांब प्रार्थना जमत नाही, मनातल्या मनात केली तर चालेल का. पवित्र शास्त्रातली हन्ना मुलासाठी प्रार्थना करत होती, तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता, आणि एली याजकाला ती नशेत आहे असे वाटले. देवाने मात्र तिचे ऐकले. तेव्हा तू मनात कर, इंग्रजीत कर, एकच नाव घेऊन थांबलास तरी चालेल. सुरुवात कोणापासून करावी असे वाटत असेल, तर ज्या खोलीसोबत्याशी तुझे पटत नाही असे तू लिहितोस, त्याचे नाव आधी घे.

तुझा,
बाबा