रेकॉर्डिंगमधे हॉल ऐकू येतो का?

प्रश्न: मंगळवार पेठेतनं लिहितोय. वडिलांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या, सगळ्या लाईव्ह मैफिली. पण ऐकताना हॉल कुठं जाणवतच नाही, गवई अगदी कानाशी, आणि व्हिएन्नाचा ऑर्केस्ट्रा लावला की अख्खी वास्तू समोर उभी राहते. हे खरंच असतंय की मनाचे खेळ?

उत्तर: खरंच असतंय. आपल्याकडं माईक गवयाच्या तोंडाशी, तबल्याला वेगळा, आणि रेकॉर्डिंगची वायर बऱ्याचदा थेट मिक्सरमधनं (सगळे माईक एकत्र करणारं यंत्र), म्हणजे भिंतीवरनं परतलेला आवाज टेपवर फारसा जातच नाही. व्हिएन्नाच्या म्यूझिकफेराइनसारख्या हॉलमधे मुख्य माईक ऑर्केस्ट्राच्या वर टांगतात, त्यात परतलेला आवाजही येतो, आणि तो हॉल भरलेला असतानाही आवाज ६० डेसिबलनी उतरायला, म्हणजे जवळजवळ ऐकूच येईनासा व्हायला, साधारण २ सेकंद लागतात. आवाज विरायला किती वेळ लागेल याचं गणित वॉलेस सॅबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं बसवलं, १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्यानं झाला. पण २ सेकंदांचा हॉल आपल्या गाण्याला चांगलाच असं अजिबात समजू नका, अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीतली पेचदार तान तिथं एकात एक मिसळून जाईल. म्हणून माझं मत, आपल्याला नाटकाचं थिएटरच बरं, तिथं शब्द शेवटच्या रांगेपर्यंत सुटा पोचावा लागतो.

तुमच्या कॅसेटीत हॉल आहे, फक्त गाण्यात शोधू नका. हेडफोन लावा आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचा भाग ऐका, तबला मिळवताना हातोडीचा ठोका पडतो, मग चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा 'ना', तो एकदम तुटतो की मागं काहीतरी रेंगाळतं? रेंगाळतो तो हॉल. तसंच खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, समेवरची दाद, हे सगळं लांबनं गवयाच्याच माईकमधे शिरलेलं असतं त्यामुळं त्यात भिंती जास्त ऐकू येतात. गवयाचा आवाज घुमतोय पण टाळ्या कोरड्या, असं असेल तर घुमारा बहुतेक मशीननं घातलेला.

आणि एक महत्त्वाचं, कॉम्प्युटरवर घेताना 'नॉईज रिडक्शन' लावलं होतं का? हॉलचा विरत जाणारा आवाज शेवटी टेपच्या खरखरीइतकाच बारीक होतो, आणि सॉफ्टवेअर खरखर काढताना त्यालाही घेऊन जातं. लावलं असेल तर मूळ कॅसेटीवरनं परत घ्या, खरखर राहू दे तशीच, आणि कॅसेटी कृपा करून टाकू नका.