आपत्कालीन निधी आणि सेफ्टी कार

तुमचं पत्र नीट वाचलं. थोडक्यात असं: तुम्ही बरीच वर्षं फॉर्म्युला वन बघता. गेले दोन हंगाम बेटिंग एक्सचेंजवर (जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात) छोट्या पैजा लावताय आणि जमेल तिथे ट्रेडिंगही करताय. सुरुवात अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढ्या रकमेने केलीत. दर पैज त्या रकमेच्या 2 टक्क्यांची, सरासरी भाव 4.0च्या आसपास (जिंकल्यास 100 चे 400 परत). 180 पैजांनंतर ती रक्कम 40 टक्क्यांनी वाढली आहे. आता सहा महिन्यांच्या आपत्कालीन निधीतला जवळपास निम्मा भाग काढून ही 'बँक' (पैजांसाठीची रक्कम) तीन पगारांएवढी करायची आणि ट्रेडिंग सॉफ्टवेअरचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घ्यायचं, असा तुमचा बेत आहे. शेवटी विचारलंय, 'शिस्तीने करतो आहे, मग याला गुंतवणूक का म्हणू नये?'

निधीला हात लावू नका. पैजा पूर्ण बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही प्रत्येक पैजेची नोंद ठेवली आहे आणि ठरल्या रकमेच्या बाहेर गेलेला नाहीत. पैज लावणाऱ्यांत हे फार कमी जण करतात.

त्या 40 टक्क्यांकडे जरा जवळून बघू. 180 पैजा, प्रत्येकी 2 टक्के, म्हणजे एकूण उलाढाल झाली बँकेच्या 3.6 पट. त्यावर 40 टक्के कमावलेत, म्हणजे लावलेल्या प्रत्येक 100 वर साधारण 11. आकडा छान आहे. पण 4.0 भावाच्या पैजेत चारातल्या तीन वेळा 100 जातात आणि एकदा 300 मिळतात, त्यामुळे निकाल प्रचंड हेलकावे खातो. 180 पैजांच्या सरासरीत नुसत्या नशिबाने येणारा फरक (प्रमाण विचलन) साधारण 13 टक्क्यांचा निघतो. कसलंही कौशल्य नसलेल्या, अगदी योग्य भावाला डोळे मिटून पैज लावणाऱ्या पाच जणांपैकी एकाचा निकाल तुमच्याइतका किंवा तुमच्याहून चांगला आला असता. उरलेल्या चौघांपैकी कोणी मला पत्र लिहून बँक वाढवू का म्हणून विचारत नाही.

तुम्हाला कौशल्य नाही असा याचा अर्थ नाही. ते आहे की नाही, हे या नोंदीवरून कळत नाही, एवढंच. तुमची खरी आघाडी (लावलेल्या रकमेवरचा सरासरी नफा) 11 टक्के असेल तर ती बऱ्यापैकी खात्रीने दिसायला साधारण हजार पैजा लागतील, म्हणजे तुमच्या वेगाने अकरा वर्षं. आघाडी 3 टक्के असेल (आणि सातत्याने 3 टक्के काढणारा माणूस या धंद्यात हुशारच म्हणायचा), तर तेरा हजारांवर पैजा. हंगामात शर्यती चोवीसच्या आसपास. तेव्हा नफा-तोट्याच्या रकान्यावरून शहाणपण यायला दीडशे वर्षं थांबावं लागेल.

याहून जलद कळण्याचा एक मार्ग आहे आणि तुमच्या वहीत नेमका तोच रकाना नाही. प्रत्येक पैजेसमोर तुम्हाला मिळालेला भाव लिहा आणि शर्यत सुरू होण्याच्या क्षणी त्याच चालकाचा काय भाव होता तोही लिहा. शुक्रवारच्या सरावानंतर तुम्ही 5.0 ला घेतलंत, म्हणजे बाजार त्याला 20 टक्के शक्यता देत होता. रविवारी दिवे विझताना भाव 4.0 वर आला, म्हणजे बाजार 25 टक्क्यांवर आला. तो चालक पुढे पहिल्याच वळणावर बाहेर गेला तरी हा सौदा चांगला होता. उलट 5.0 ला घेतलेला 6.5 वर गेला आणि पावसाच्या कृपेने जिंकला, तर पैसे मिळाले पण निर्णय बरा नव्हता. अशा चाळीस-पन्नास नोंदींतूनच कल दिसायला लागतो. सरासरीने तुम्ही बाजाराच्या आधी पोहोचत असाल आणि कमिशन वजा करूनही फरक उरत असेल, तर बोलायला काहीतरी आहे. मात्र हे फक्त विजेत्याच्या बाजाराला लावा. 'पहिल्या सहात येईल का' किंवा 'सर्वांत वेगवान फेरी कोणाची' अशा बाजारांत पैसाच इतका पातळ असतो की तिथला शेवटचा भाव प्रमाण मानता येत नाही.

बँक वाढवण्याच्या बेतातली दुसरी अडचणही हीच आहे. मोटर रेसिंगच्या बाजारात फुटबॉल किंवा घोड्यांच्या शर्यतींएवढा पैसा फिरत नाही. आज 2 टक्क्यांची तुमची ऑर्डर निमूट भरली जाते, कारण ती छोटी आहे. ती चौपट करा. मग थोडी 5.0 ला भरेल, थोडी 4.8 ला, आणि उरलेली लटकत राहील. सगळी मिळकत त्या 5.0 आणि 4.8 मधल्या फटीतच होती. एक्सचेंज सोडून बुकमेकरकडे जायचं तर तिथल्या सगळ्या भावांच्या उलट्या टक्केवारीची (100 भागिले भाव) बेरीज करून बघा, ती 100 च्या बरीच पुढे जाते. तो जादा भाग त्यांचा. शिवाय सतत जिंकणाऱ्याच्या खात्यावर मर्यादा घालायची पद्धत तिकडे सर्रास आहे.

आता ट्रेडिंगबद्दल. तुम्ही लिहिलंय की यात जोखीम नाही, कारण शर्यतीआधी दोन्ही बाजू बंद करता. गणित बरोबर आहे: 4.0 ला 100 बॅक केले (जिंकेल म्हणून लावले), भाव 2.5 वर आला की 160 ले केले (जिंकणार नाही म्हणून लावले), मग तो जिंको वा हरो, 60 तुमचे, त्यातून एक्सचेंजचं कमिशन वजा. ते साधारण 2 ते 5 टक्के असतं. पण भाव 8.0 वर गेला तर? 50 ले करून बाहेर पडलात की दोन्हीकडून 50 गेले. जोखीम फक्त शर्यतीच्या निकालावरून पात्रता फेरीच्या (कोण कुठून सुरुवात करणार ते ठरवणाऱ्या) निकालावर सरकली. तुमच्या वहीत मला जे खटकलं ते वेगळंच: तोट्यातले ट्रेड बंद न करता तुम्ही ते 'पैज म्हणून' शर्यतीत नेलेत. ट्रेडचे नफे एका रकान्यात आणि ट्रेडचे तोटे दुसऱ्या. असं केलं की कोणतंही ट्रेडिंग बिनधोक दिसतं. दोन वेगळ्या वह्या करा. ट्रेड म्हणून घेतलेला सौदा ट्रेड म्हणूनच संपवायचा.

शर्यत चालू असताना ट्रेडिंगचा मोह होतोय, त्यासाठीच सॉफ्टवेअर हवंय, असं दिसतं. टीव्हीवरचं चित्र तुमच्यापर्यंत काही सेकंद उशिरा येतं. एक्सचेंजही चालू शर्यतीत ऑर्डर स्वीकारताना काही सेकंदांचा विलंब ठेवतं. पुढच्या गाडीचा टायर फाटलेला तुम्हाला दिसेपर्यंत वेगवान डेटा घेऊन बसलेल्याने आपली ऑर्डर बदललेली असते. तुम्हाला आयता मिळालेला भाव हा बहुतेकदा त्याने सोडून दिलेला असतो. सॉफ्टवेअरने बटण लवकर दाबता येतं, चित्र लवकर येत नाही.

चालू शर्यतीतल्या 'जवळजवळ नक्की' भावांवर तुमचा भर आहे. 1.05, 1.10 असे भाव रोज थोडंथोडं देतात हे खरं. 1.05 चा एक फसला की वीस जिंकलेले धुऊन जातात. सिंगापूरची शर्यत घ्या. 2008 पासून 2023 पर्यंत तिथे झालेल्या प्रत्येक शर्यतीत सेफ्टी कार (अपघात झाला की पुढे येऊन सगळ्यांचा वेग रोखणारी, गाड्या एकमेकींजवळ आणणारी गाडी) आली, सलग चौदा शर्यती. 'येणारच' म्हणायला याहून भक्कम पुरावा कुठला? 2024 ला आली नाही. चौदाही वेळा 1.05 ला 100 लावून जिंकला असतात तर हाती 70 आले असते, आणि पंधराव्या वेळी 100 गेले असते. 2020 च्या साखिर ग्रां प्रीत पहिल्याच फेरीत धडक होऊन सर्जियो पेरेझ शेवटच्या स्थानावर गेला होता. शर्यत त्यानेच जिंकली. त्या फेरीला त्याला मोठ्या भावाला ले करणाऱ्यांना ते फुकटचे पैसे वाटले असणार. 2021 ला अबू धाबीत हॅमिल्टन आरामात पुढे होता. 58 पैकी 53 व्या फेरीत मागे लतिफीची गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली, वर्स्टापनने टायर बदलून सॉफ्ट घेतले, आणि एका फेरीत हॅमिल्टनच्या हातून शर्यतही गेली आणि जगज्जेतेपदही. ज्यांनी वर्स्टापनला त्याआधी ले केलं त्यांचं विश्लेषण चुकीचं नव्हतं. पैसे मात्र गेले, आणि ले करताना जाणारी रक्कम लावलेल्या रकमेएवढी नसते: 30.0 ला 10 ले केले तर देणं 290 चं.

नियमांचं पानही एकदा वाचा. 2024 ला बेल्जियममध्ये रसेल पहिला आला, मंचावर चढला आणि नंतर गाडीचं वजन दीड किलो कमी भरलं म्हणून बाद झाला. विजय हॅमिल्टनला मिळाला. पैज मंचावरच्या क्रमाने मिटते की नंतरच्या अधिकृत निकालाने, हे प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. 2021 ला तिथेच पावसात सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि निम्मे गुण वाटले गेले. तुमच्या एक्सचेंजवर अशा 'शर्यती'चं काय होतं, ते पैज लावण्याआधी माहीत हवं.

गुंतवणूक का म्हणू नये, याचं उत्तर साधं आहे. शेअरमागे एखादी कंपनी काम करत असते, ती कमावते, म्हणून सगळे भागधारक मिळून पुढे जाऊ शकतात. एक्सचेंजवर तुम्ही जिंकलेला प्रत्येक पैसा समोरच्या कोणाचा तरी गेलेला असतो आणि मधे कमिशन कापलं जातं. सगळे मिळून तोट्यातच. त्यात कोणी कौशल्याने कमावतं, पण ते कामातून मिळालेलं उत्पन्न, भांडवलावरचा परतावा नव्हे. तसंच मोजायचं तर तासही धरा. सराव, पात्रता फेरी, शर्यत, वही, सगळं धरून आठवड्याचे तुमचे पंधरा तास जातात, असं तुम्हीच लिहिलंय. दोन हंगामांची कमाई आहे एका महिन्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा.

आणि आता आपत्कालीन निधी. चाराच्या भावाला 180 पैजांत कधीतरी सलग 12 हरण्याची शक्यता चारात तीन इतकी आहे. तुमच्या छोट्या बँकेवर असा काळ आला तर 24 टक्के जातात, चिडचिड होते, संपतं. तीन पगारांच्या बँकेवर तेच 24 टक्के म्हणजे जवळपास पाऊण महिन्याचा पगार, आणि तोही नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर वापरायच्या पैशातून. निधीचं काम वाढणं नाही, हाताशी असणं आहे. पैज किती लावावी याचं 1956 चं केलीचं सूत्र आहे. 4.0 च्या भावाला तुमचा अंदाज 27 टक्के असेल तर ते बँकेच्या पावणेतीन टक्क्यांच्या आत थांबवतं, आणि सावध माणूस त्याच्या निम्म्यावर थांबतो. खरी शक्यता 25 निघाली तर सूत्राचं उत्तर शून्य. म्हणजे कौशल्य सिद्ध नसताना तुमचे 2 टक्के आधीच सढळ आहेत. एकाच शर्यतीत त्याच चालकाचा विजय, त्याचंच पहिल्या तिघांत येणं आणि त्याच्या संघाची सरशी अशा तीन पैजा लावता तेव्हा एकाच गाडीवर 6 टक्के लागलेले असतात. एक पंक्चर तिन्ही घेऊन जातं. पुढच्या हंगामात पैज 1 टक्क्यावर आणा आणि एका शर्यतीत एकूण 2 च्या वर जाऊ नका.

सध्याची वाढलेली रक्कम तशीच खेळवा, बाहेरून भर घालू नका. संपली तर पुढची भर करमणुकीच्या बजेटमधून, हंगामातून एकदाच. खात्यावर जमा मर्यादा लावून टाका, आजच. हरलेलं भरून काढायला सरावाच्या सत्रावर पैज लावावीशी वाटली, किंवा आकडा घरी सांगताना कमी करून सांगावासा वाटला, तर त्या आठवड्यात खातं बंद करा. तुम्ही लिहिलंय की घरी 'थोडंफार माहीत आहे'. पूर्ण माहीत असू द्या. निधी दोघांचा आहे.

कायदा आणि कर तुम्ही राहता त्या देशाप्रमाणे. ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्याला जिंकलेल्या रकमेवर कर नाही. भारतात 2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवरच बंदी आली. जिथे बंदी आहे तिथे वरचं सगळं गणित वाचायचीही गरज नाही, आणि आडमार्गाने उघडलेल्या खात्यातले पैसे अडकले तर तक्रार करायला जागा नसते.

सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन नको. शेवटच्या भावाचा रकाना साध्या स्प्रेडशीटमध्ये बसतो. अर्धा हंगाम तो भरा, आणि त्यात काही दिसलं तर महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या, तेही त्या पैजांच्या नफ्यातून. डिसेंबरात हंगाम संपला की ते बंद करा.