रिपोर्ट त्यांच्या हातात द्या

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे असून पतसंस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. १८ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे कळले. ताज्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) २.१, ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३५ आणि पोटॅशियम ५.६ आले. रिपोर्ट मुलाच्या फोनवर येतो. ह्यांना आम्ही दाखवत नाही, उगाच धास्ती घेतील. मी भाज्या उकळून पाणी टाकून देते, शेजारणीच्या सांगण्यावरून कमी सोडियमचे मीठही आणले आहे. तरी हे ताटावरून उठतात, चिवडा खातात, रोज शहाळे पितात आणि ‘साखर उतरली, इन्सुलिनही कमी लागते, मग हे आजाऱ्याचे जेवण कशाला?’ म्हणून माझ्यावरच चिडतात. यांना ऐकायला कसे लावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर मी अडखळले, आणि उरलेले सारे पत्र मला त्याच वाक्याचा परिणाम वाटते. रिपोर्ट ह्यांना दाखवत नाही. ज्या माणसाने सारी नोकरी दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब तपासण्यात घालवली, त्याला स्वतःच्या शरीरातले तीन आकडे झेपणार नाहीत, हे तुम्ही आणि मुलाने कशावरून ठरवले?

त्यांना फक्त साखरेचा आकडा ठाऊक आहे आणि त्या एका आकड्यावरून ते अगदी बरोबर तर्क करत आहेत. चिवडा गोड नाही, म्हणून चालतो. शहाळे तर औषधीच, म्हणून चालते. तुम्ही याला हट्ट म्हणता. मला तो हट्ट वाटत नाही, कारण पोटॅशियम वाढले आहे आणि शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते, हे त्यांना या घरात कोणी सांगितलेलेच नाही.

इन्सुलिनचेही तेच. शरीरातले बरेचसे इन्सुलिन मूत्रपिंडे मोडून टाकतात. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते आणि पूर्वीपेक्षा कमी मात्रा पुरते. तेव्हा तुमचे यजमान ज्याला मधुमेह बरा होण्याची खूण समजत आहेत, ती मूत्रपिंडे थकल्याची खूण असू शकते. ताटावरून अर्धपोटी उठणाऱ्या माणसाची साखर अशा वेळी एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच पाण्यात साखर किंवा ग्लुकोज पावडर घालून द्यावी. पोटॅशियम वाढलेले असताना त्यासाठी संत्र्याचा रस किंवा शहाळे देऊ नये. असे एकदा जरी झाले असेल, तर मात्रेविषयी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

आता तुमच्याकडे वळते, कारण झाकून ठेवलेल्या आकड्यांचा फटका तुमच्या स्वयंपाकालाही बसला आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला ते उपयोगी असेल, पण तुमच्या यजमानांसाठी ते धोक्याचे आहे. एका हाताने तुम्ही भाजीतले पोटॅशियम उकळून टाकता आणि दुसऱ्या हाताने तेच चिमटीने परत घालता. तो पुडा आजच स्वयंपाकघरातून काढा आणि डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी सांगा : ५.६ हा आकडा, आणि हे मीठ किती दिवस वापरात होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, त्यामुळे गोळ्यांची नावे हाताशी असू द्या.

साधे मीठच वापरा, पण दिवसभराचे सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही पुरता भरायचा नाही. यात लोणचे, चिवडा आणि पापड आले. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेका, हे तुम्ही उत्तम करत आहात. मात्र त्यानंतर ती तशीच पुढे ठेवू नका. जिरे, लसूण, हिरवी मिरची यांची खमंग फोडणी द्या आणि वरून थोडे लिंबू पिळा. डाळही बंद करू नका. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ती ४८ ग्रॅम होतात. त्यांतली किती डाळीतून, किती दुधातून, हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे, आणि त्या भेटीला त्यांनी स्वतः जावे.

यांना ऐकायला कसे लावू, असे तुम्ही विचारले आहे. ऐकायला लावू नका, वाचायला द्या. आज रात्री जेवण झाल्यावर गेल्या वर्षापासूनचे सारे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने त्यांच्यासमोर ठेवा आणि इतके दिवस लपवल्याबद्दल तुम्ही आणि मुलाने त्यांची माफी मागा. ते घाबरतील, रागावतीलही, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तो राग तुम्ही सोसा. त्यांचा तेवढा हक्क आहे. राग ओसरला की डॉक्टरांना काय विचारायचे, ते त्यांच्याच अक्षरात कागदावर उतरवून घ्या. आणि मुलाला सांगा, यापुढे प्रयोगशाळेत नंबर द्यायचा तो वडिलांचा.